प्रसेनसारखा विंच

"त्याला दिलात. मला का नाही?"

कुलदीपनं जीपमधून उतरता उतरताच विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

कृष्णाक्का बाजल्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान काही वर केली नाही.

"काय दिलं? कुणाला दिलं?"

"प्रसेनला. तुमच्या जीपचा विंच."

अक्कांनी टरफलं बाजूला सारली.

"मी विचारतोय, अक्का."

"ऐकतीया की मी."

आजऱ्याच्या वरच्या अंगाला अक्कांचं रान. चिखलात, दगडधोंड्यांत, ओढ्यात जीप कशी घालायची आणि घातलेली बाहेर कशी काढायची, हे त्या भागातली तरणी पोरं अक्कांकडूनच शिकायची. दसरा झाला की सगळ्या जीपा ओळीनं डोंगरात निघायच्या आणि पुढची गाडी अक्कांची असायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. अक्कांनी आपल्या बंपरचा विंच काढला आणि प्रसेनजितच्या जीपला बसवून दिला.

विंच म्हणजे मोटरवर फिरणारा रहाटच म्हणा. त्यावर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. दोर सोडायचा, हुक कशात तरी अडकवायचा आणि बटण दाबायचं. दोर परत गुंडाळला जातो आणि रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते. विंच ज्याच्याकडं, तो पुढं. बाकीचे त्याच्या मागं. अक्कांनी तोंडानं काही सांगितलं नव्हतं, पण समजायचं ते सगळे समजले होते.

कुलदीपला तर फारच लवकर समजलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या!

प्रसेन गुरांचा डॉक्टर. वाड्यावस्त्यांवर जावं लागतं म्हणून त्यानं जीप घेतली. ओढे आडवे येतात, इंजिनात पाणी शिरतं, म्हणून हवेचं नळकांडं टपापर्यंत चढवलं. महिना उलटला नाही तोच कुलदीपच्या जीपलाही नळकांडं. प्रसेननं टपावर दिवे लावले, तर यानं त्याच्यापेक्षा लांब पट्टी लावली. प्रसेननं मागं पत्र्याची पेटी बसवली, जनावरांच्या लसी बर्फात ठेवायला. कुलदीपनं हुबेहूब तसली पेटी करून घेतली. आता ह्याच्या पेटीत काय असणार, कपाळ? रिकामी पेटी खडखडत गावभर फिरायची.

आणि इतकं सगळं करूनही अक्कांच्या तोंडी नाव प्रसेनचंच. हे त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं.

"तुझ्याकडं विंच न्हाई, म्हणून रडायला आलास व्हय?" अक्का म्हणाल्या.

"रडतोय कशाला? आणलाय मी. बघा."

अक्कांनी आता मान वर केली. बंपरवर विंच बसवलेला होता.

"जुना हाय की रं ह्यो."

"तुमचा होता तसलाच. तीच कंपनी, तेच मॉडेल. जुन्या बाजारात शोधून शोधून काढला."

"नवा परवडत न्हाई तुला?"

"न परवडायला काय झालं?"

"मग?"

कुलदीप बंपरवरचा चिखल नखानं खरवडू लागला.

"प्रसेनचा जुना हाय, म्हणून तुझाबी जुना. बरं." अक्कांनी एक शेंग फोडली. "दोर सगळा सोडून बघितलास?"

कुलदीप गडबडला. जुना विंच घ्यायचा तर दोर शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडून बघायचा, मगच व्यवहाराचं बोलायचं, हे अक्का पहिल्याच दिवशी शिकवायच्या. वरचे वेढे काय, विकणारा पुसूनपासून ठेवतोच.

"वरनं बघितला. चकचकीत आहे."

"आणि आतनं?"

"दुसरं गिऱ्हाईक टपून बसलं होतं, अक्का. दोर सोडत बसलो असतो तर हातचा गेला असता."

"कोण गिऱ्हाईक?"

"...प्रसेनच्या ओळखीतला कुणीतरी वाटला."

अक्का खो खो हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी कुलदीपकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"पुढची गाडी पायजे तुला?"

"पाहिजे. किती वर्षं मागं राहायचं मी? त्याच्याआधी आलो मी तुमच्याकडं. मला सांगा तरी, त्याच्यात असं काय आहे?"

अक्कांनी गोठ्याच्या पुढचा चिखलाचा खड्डा दाखवला.

"जा. घाल जीप त्यात. तुझ्या विंचनं तू वर आलास, तर पुढची गाडी तुझी. प्रसेनला मी सांगते."

"शब्द?"

"शब्द."

कुलदीपनं जीप खड्ड्यात घातली. चाकं बुडाली, चाकांवरचे पाटे चिखलाला टेकले, जीप बसली. गडी मात्र खुशीत. विंचचा खटका सैल केला, हुक हातात घेतला आणि पचापचा चिखल तुडवत काठावर आला.

काठावर चिंचेचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं खोड.

"कशाला लावू हुक?"

"ते तू ठरव," अक्का म्हणाल्या.

झाडाच्या पार पलीकडं, गोठ्याच्या तोंडाशी प्रसेनची जीप उभी होती. पुढच्या बंपरला अक्कांचा विंच. प्रसेन अक्कांच्या म्हशीला लस टोचत होता. कुलदीपची नजर त्या विंचवर गेली आणि तिथंच चिकटली.

तो झाडाजवळून तसाच पुढं गेला. दोर सुटत राहिला, सुटत राहिला. पार शेवटाला येऊन अडला, तेव्हा हुक कसाबसा प्रसेनच्या बंपरपर्यंत पोचला.

प्रसेन म्हशीला सोडून पुढं आला. "अरे, झाडाला लाव की. मध्येच तर आहे."

"का? भ्यालास? तुझी गाडी ओढली जाईल म्हणून?"

"तसं नाही रे..."

"मग लावतो मी. बघू दे सगळ्यांना, कुणाची गाडी कुणाला ओढते ते."

प्रसेननं अक्कांकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले, आपल्या जीपच्या चाकांना मोठमोठे दगड लावले आणि हुक अडकवून दिला.

"म्हस घे बाजूला," अक्का त्याला म्हणाल्या. "आणि तूबी हो. लांब. अजून लांब."

मग त्या बाजल्यावरनं उठल्या. गुडघे धरत धरत उठल्या. अंथरलेली वाकळ ओढली, गुरांच्या हौदात बुचकळली आणि ओलीचिंब वाकळ मधोमध दोरावर टाकली. दोर तुटलाच तर वाकळीच्या वजनानं खाली बसतो, फार उसळत नाही. तेवढं करून त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

कुलदीप जीपमध्ये बसला. त्यानं बटण दाबलं.

मोटर घुरघुरली. दोर जमिनीवरून उचलला, ताठ झाला. खड्ड्यातली जीप हलली. टीचभर पुढं आली. अजून टीचभर.

"आला! आला बघा अक्का!"

कड्... कड्...

"सोड बटण!" अक्का ओरडल्या.

त्यानं सोडलं नाही. प्रसेनचा बंपर समोर दिसत होता ना! दात-ओठ खाऊन त्यानं बटण अजून घट्ट दाबलं.

फाट्कन आवाज झाला. दोर रहाटाच्या तोंडाशीच तुटला. तुटकं टोक वाकळीला घेऊन उसळलं आणि प्रसेनच्या जीपपुढं धप्पकन पडलं. मघाशी प्रसेन जिथं उभा होता, बरोबर तिथं.

म्हैस हंबरली.

कुलदीपची जीप मागं सरकून होती तिथं जाऊन बसली. त्यानं प्रसेनकडं बघितलं. प्रसेन धडधाकट होता, एका हातानं म्हशीचं दावं धरून उभा होता. कुलदीपला हुंदका आला. पण हुंदक्याच्या आधी तोंडातून आलं ते वेगळंच.

"फसवलं मला त्या विकणाऱ्यानं! सडका दोर गळ्यात मारला, अक्का! सडका!"

अक्का प्रसेनच्या जीपशी गेल्या. हुक सोडवला. हुकाकडनं धरून दोर हातातनं सरकवत, बोटांनी चाचपत, त्या हळूहळू चालू लागल्या. तार चकचकीत होती, गुळगुळीत होती. बऱ्याच वेळानं बोटांना लाल गंज लागला आणि तुटक्या तारांचे काटे टोचले. तिथं त्या थांबल्या.

मागं राहिलेल्या चांगल्या दोराकडं त्यांनी बघितलं. मग खड्ड्याकडं बघितलं.

"चिंचेपर्यंत पुरंल एवढा चांगला होता की रं."