महाराजांची मिशी आणि अर्ध्या नारळाचा दुभाषी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. समुद्र तव्यावरच्या तेलासारखा चकाकत होता, आणि शंखबंदरात उकाडा असा की माणसं बोलतानासुद्धा तोंड अर्धंच उघडत होती. असल्या उकाड्यात धारोजी महाराज स्वतः धक्क्यावर आले, तेव्हा दर्याजीनं ओळखलं, काम मोठं असणार.

दर्याजी म्हणजे बंदरावरचा म्हातारा दुभाषी. तरुणपणी मस्कतच्या गलबतांवर खलाशी होता, तिथंच अरबी शिकला. आता गुडघे धरले होते, म्हणून धक्क्यावर झावळ्यांचं एक छप्पर घालून बसायचा. अरबांचं बोलणं आपल्या लोकांना सांगायचं, आपल्या लोकांचं अरबांना. चूल त्यावरच पेटायची.

"दर्याजी," महाराज म्हणाले, "हा अरब नाखुदा आपलं गलबत भरून घोडे घेऊन आलाय. सौद्याचं सगळं बोलणं तू करायचं. काय घेशील?"

"पाच रुपये, महाराज."

"पाच! अरे, घोड्यांना चंदी घालणाऱ्याला मी एवढे देत नाही. तू तर नुसतं तोंड हलवणार!" महाराज वळले आणि गर्दीकडे बघून ओरडले, "कोण आहे रे स्वस्तात करणारा?"

झालं! धक्क्यावर एकदम जीव आला.

"मी रुपयात करतो!"

"मी आठ आण्यांत!"

"मी एका नारळात!"

"अर्ध्या नारळात!" बाबल्या पुढे घुसत म्हणाला. ह्या बाबल्याचा अरबीशी संबंध एवढाच, की अरबांच्या पंगतीला तो दोनदा पोटभर जेवून आला होता.

"बघ!" महाराज खूश झाले. "माल तोच आणि भाव अर्धा नारळ!"

"माल तोच कसा, महाराज?"

"नाही? मग दाखव सिद्ध करून! मला अरबी येत नाही. दुसरा दुभाषी साक्षीला आणायचा नाही, तुम्ही सगळे एकमेकांचे मेहुणे! दिवस बुडायच्या आत मला पटलं पाहिजे की तुझं बोलणं बाबल्याच्या बोलण्याहून चांगलं. नाही पटलं, तर हे छप्पर उद्यापासून बाबल्याचं!"

ज्याला भाषाच येत नाही, त्याला भाषेतलं खरंखोटं कसं दाखवणार? बाबल्या तर छपराचे वासे हलवून बघायला लागला, पक्के आहेत का म्हणून.

दर्याजी खाली बसला. तंबाखू मळली. त्याला कसलीच घाई नसायची. मळता मळता तो महाराजांकडे बघत राहिला. महाराज सारखी हनुवटी खाजवत होते. राजन्हावी सासुरवाडीला गेलेला, दाढी वाढलेली, वरून हा घाम. मिशी मात्र झोकात! दोन्ही टोकं होडीच्या पुढच्या नाळेसारखी वर वळलेली. रोज सकाळी तिला तूप लागायचं. दरबारात आधी मिशी यायची, मागून महाराज.

"महाराज," दर्याजी सावकाश म्हणाला, "नाखुद्याच्या गलबतावर एक हज्जाम आहे. हात लोण्यासारखा. दाढी करून घ्या."

"आणि मग?"

"मग काय! गार वाटेल. काय हवं ते बाबल्या सांगेल त्याला."

"एवढंच? बोलवा!"

हज्जाम आला. महाराज चौरंगावर बसले. वस्तरा चामड्यावर सर्र सर्र फिरायला लागला.

"बाबल्या, सांग त्याला. दाढी काढ, मिशीला हात लावू नकोस."

बाबल्याला येत होते ते चारपाच शब्द त्यानं मोठ्यानं म्हटले, वर हातवारेही केले. हज्जामाचे डोळे विस्फारले. त्यानं वस्तऱ्याचं टोक मिशीकडे करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो रे?"

"म्हणतो... मिशी झकास आहे, महाराज!"

"मग हो म्हण त्याला!"

'हो' तेवढं बाबल्याला नक्की येत होतं. तो म्हणाला. हज्जामानं हळहळत मान हलवली, ब्रश बुडवला आणि फेस थेट मिशीवर फासला!

"अरे थांब! मिशीवर कशाला? बाबल्या, विचार त्याला!"

बाबल्यानं विचारलं. हज्जाम लांबलचक बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला... आज वारा नाही!"

महाराजांनी दोन्ही हातांनी मिशी गच्च धरली. वस्तरा नाकापर्यंत आला होता. "दर्याजी! अरे मेल्या, बघत काय बसलास? बोल त्याच्याशी!"

"बोलतो की. पाच रुपये."

"दहा घे! पण बोल!"

दर्याजी बसल्या जागेवरून दोन वाक्यं बोलला. हज्जाम एकदम खुलला, त्यानं सुस्कारा टाकला, मिशी ओल्या फडक्यानं हळुवार पुसली आणि गालावरनं वस्तरा फिरवू लागला.

दाढी झाली. महाराजांनी आरसा मागवला, मिशीची दोन्ही टोकं मोजल्यासारखी चाचपली. मग मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लबाडा! तू सिद्ध काहीच केलं नाहीस. बाबल्यापेक्षा तू चांगला, हे मला पटवायचं होतं!"

"महाराज, मी कुठं काय म्हणालो? मी पाचच मागत होतो. अर्ध्या नारळावरून दहा रुपयांवर आपणच आलात, आणि तेही हज्जामानं एक केस कापायच्या आधी!"

मग महाराजांची मिशी थरथरली, आणि ते असे हसले की चौरंगावरून घसरले. "दहा रुपये दे रे ह्याला! घोड्यांचा सौदा हाच करेल. आणि ह्या छपरावर झावळ्या नकोत, कौलं घाला!"

लोक पांगले. शेजारी सुकट विकणारी पारूबाई टोपली सावरत दर्याजीजवळ सरकली आणि लाडीगोडीनं म्हणाली, "बरं झालं हो दर्याजीभाऊ! आता त्या नाखुद्याला तेवढं विचारा ना, सुकट घेतो का म्हणून. दोन शब्दांचं तर काम, शेजारणीकडून काय पैसे घ्यायचे!"