निवांताईचा वसा आणि शिंपिणीचा पट्टा

ऐका मुलांनो, निवांताईची कहाणी. ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून मी ती ऐकली, तरी क्रम चुकेल अशी धास्ती वाटते. कुणाला बरोबर ठाऊक असेल त्यानं मला थांबवावं.

आटपाट नगरच होतं, एवढं बहुधा खरं. तिथं एक शिंपीण होती. तिला एक मुलगा होता, मकरंद. तो कॉलेजात जाई आणि मोबाइलवर लढाया खेळे. जेवताना खेळे, चालताना खेळे, वर्गात बाकाखाली खेळे. दोनदा नापास झाला. मग कॉलेजानं सांगितलं, पुन्हा नापास झालास तर नाव कमी करू. मकरंद घाबरला. घाबरून आणखी खेळू लागला.

एके दिवशी घरातली रेंज गेली. ती शोधत तो नदीवर आला. तिथं बायका वसा वसत होत्या.

"बायांनो, काय करता?"

"निवांताईचा वसा वसतो. गेलेलं लक्ष परत येतं."

"मला सांगा."

बाया हसल्या. एक म्हणाली, "तुला नाही रे झेपायचा. खेळ दिसला की टाकशील."

"नाही टाकायचा."

मग तिनं वसा सांगितला. सकाळी मोबाइल देवीपुढं ठेवावा. देवीची कहाणी कुणाला तरी सांगावी. ऐकणाऱ्यानं हातातलं खाली ठेवावं, शेवटपर्यंत ऐकावं. मग मोबाइल घ्यावा. ऐकणारा मिळेपर्यंत पुस्तक वाचावं.

मकरंदला वाटलं, हे तर सोपं. मित्राकडे गेला. मित्र म्हणाला, एवढी लढाई होऊ दे. लढाई संपेना. मावशीकडे गेला. मावशी रील बघत होती, ऐकतेय म्हणाली आणि भलतीकडेच हसली. सरांकडे गेला. सरांनी अर्धी ऐकली, मग त्यांचा फोन वाजला. मोबाइल देवीपुढंच राहिला. मकरंद वाचत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं युक्ती केली. मोबाइल उचलला, कहाणी त्यात बोलून ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ऐकली कुणीच नाही. कुणी काय पाठवलं ते बघण्यात दिवस गेला. देवी कोपली. चाचणीत मकरंद पार बुडाला.

मग रडवेला होऊन घरी आला. आई मशीनवर होती, भोवती लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग. तो म्हणाला, "आई, कहाणी सांगायची होती. पण तुला कुठला वेळ."

तोच मशीनचं चाक थांबलं. आई म्हणाली, "पट्टा तुटला मेला. आता रिकामीच आहे, सांग."

तिनं कात्री खाली ठेवली. मकरंद सांगू लागला. ती म्हणे, मग? तो पुढं सांगे. कहाणी संपली आणि तो मोबाइल घ्यायलाच विसरला. दुसऱ्या दिवशी कहाणीच्या वेळी पुन्हा पट्टा तुटला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मकरंद म्हणाला, देवी पावली. परीक्षा आली. पहिला नाही आला, पण पास झाला. नाव राहिलं. आता रविवारी खेळतो, हरतो आणि जेवायला उठतो.

निवांताई त्याला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. मोठी कहाणी थोडक्यात सांगितली, फळ मात्र पुरतं मिळो.

इतके पट्टे तुटणं मला कधी पटलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मी शिंपिणीलाच विचारलं. एकही पट्टा तुटला नव्हता. मकरंद दारात आला की ती पट्टा पायानंच चाकावरून उतरवत असे.