सुसाट शिव्या

'संगणककट्टा' या संकेतस्थळावर प्रोसेसरवरून लाल कंपनीवाले आणि निळ्या कंपनीवाले यांची रोज जुंपायची. कट्ट्याचे व्यवस्थापक केळुसकरकाका कट्टर निळे. कट्ट्यावर लिहिणाऱ्या शाल्मलीने लाल प्रोसेसरचं कौतुक केलं आणि काका खवळले.

"अगं पोरी, मी संगणकाला पंचकार्डं भरवत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता! लाल म्हणजे निव्वळ भंगार. तो चालतो हे एका वाक्यात सिद्ध कर. आकडे नकोत, व्हिडिओ नकोत. नाही जमलं तर तुझं खातं बंद आणि दोन वर्षांचं सगळं लिखाण पुसून टाकीन."

निळ्या कंपनीवाले दात काढू लागले.

शाल्मलीने कट्टामालकांची नव्या सर्व्हरबद्दलची गणपतीतली घोषणा शोधली. तिच्याखाली काकांनीच लिहिलं होतं, 'वा! नव्या सर्व्हरवर कट्टा कसा सुसाट पळतोय!' घोषणा मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती.

दोन्ही चिकटवून तिने खाली एकच वाक्य लिहिलं.

"काका, या सर्व्हरमध्ये लाल प्रोसेसर आहे, म्हणून तर तुम्ही लालला घातलेली प्रत्येक शिवी इतकी सुसाट पोचतेय."

मालकांनी खाली लिहिलं, "बरोबर आहे."

शाल्मलीचं खातं राहिलं. काकांना उत्तर द्यायचं होतं, पण तेही लाल प्रोसेसरच पोचवणार होता.