जाहिरातीची फाइल

कुडाळच्या एका संग्रहालयात दशावतारी नाटकांची चित्रीकरणं जपून ठेवायचं काम यामिनी पारकर करायची. तिचे बाबा रंगमंचावर द्रौपदी उभी करायचे. त्यांचं शेवटचं नाटक एका कंपनीच्या खास फॉर्मॅटमध्ये साठवलं होतं. पुढे कंपनी बुडाली, सॉफ्टवेअर गेलं आणि फाइल उघडेनाशी झाली. तरी बाबांची आठवण दाटून आली की यामिनी त्या फाइलवर क्लिक करायची. पडदा काळाच राहायचा.

आता अध्यक्ष दादासाहेबांनी नव्या कंपनीच्या सबनीसांना बोलावलं होतं.

"सगळं आमच्या फॉर्मॅटमध्ये ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या चिंता नको," सबनीस म्हणाले.

"त्यापेक्षा खुला फॉर्मॅट घेऊ या. तो कुणाच्याही संगणकावर उघडतो," यामिनी म्हणाली.

"तुम्ही एडिटिंग बघा, बाई. धोरण आम्ही बघतो," दादासाहेबांनी तिला गप्प केलं.

सबनीसांनी ऐटीत पेनड्राइव्ह लावला. संग्रहालयाच्या जुनाट संगणकावरही त्यांची झगमगीत जाहिरात लगेच सुरू झाली. यामिनीनं ती शांतपणे संपू दिली.

"ही तुमच्याच फॉर्मॅटमध्ये आहे ना?"

"छे हो! खुल्या फॉर्मॅटमध्ये आहे. आमचं सॉफ्टवेअर इथे कुठंय? जाहिरात कशी, कुठेही दिसली पाहिजे!"

"मग जे जाहिरातीला हवं, ते आमच्या माणसांना का नको?"

दादासाहेबांनी पेनड्राइव्ह काढून सबनीसांच्या हातात ठेवला. मग जरा हळू आवाजात त्यांनी यामिनीला विचारलं, "बाबांचं नाटक पुन्हा कधीच उघडलं नाही?"

"नाही. त्या कंपनीची जाहिरात मात्र अजून लागते."