या नावाचं इथे कुणी नाही

“...मग गेलं कुठे सगळं?” महाराजांनी विचारलं.

त्यांचा तरुण शिष्य चिद्घन मान वर करीना. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ, आणि तोंड एवढंसं झालेलं. एरवी मठात संगणकाची गोष्ट निघाली की स्वारी कुणाला बोलू द्यायची नाही!

दुपार व्हायला आली तरी नदीवरचं धुकं उठलं नव्हतं. ओसरी, घाट, पैलतीरचं गाव... सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं.

“गेलं नाही, महाराज. सकाळी मठाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरं दाखवणारं प्लगिन अपडेट केलं. तेव्हापासून डेटाबेसची एरर येतेय. लोकांचे प्रश्न, तुमची उत्तरं, सगळं आत आहे. पण नवं प्लगिन ते नव्या नावाने मागतं. डेटाबेस म्हणतो, असं काही माझ्याकडे नाहीच.”

“आणि जुन्या नावाने मागितलं तर?”

“तर देईल. पण त्यासाठी जुनं प्लगिन परत बसवायला हवं. इतकं पुढे येऊन पुन्हा मागे जायचं?”

“नाही जायचं?”

“नाही. सगळं पुसतो. कोऱ्या पाटीवर नवं झकास चालेल.”

“दुसरी प्रत ठेवली असशील.”

“घ्यायची राहिली...”

माणसांनी काळीज उघडं करून लिहिलं होतं तिथे. एकदा पुसलं की कायमचं गेलं. पण हट्ट म्हणजे हट्ट. बोट बटणाकडे गेलंच.

महाराजांनी हात पुढे केला. लॅपटॉपवर नाही, त्याच्या डोक्यावर ठेवला. दीक्षेच्या दिवशी कानात नवं नाव सांगताना ठेवला होता, तसाच.

“सकाळी फाटकावर कोण आलं होतं रे?”

बोट थांबलं.

“एक... बाई.”

“कुणाला विचारत होती?”

धुक्यात कुणीतरी होडी वल्हवत होतं. होडी दिसत नव्हती, नुसतं पाणी वाजत होतं.

“शिरीषला,” चिद्घन म्हणाला.

ते त्याचं घरचं नाव. दीक्षा घेतली की घरचं नाव नदीत सोडून द्यायचं, ही मठाची रीत.

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं... या नावाचं इथे कुणी नाही.”

ती भांडली नव्हती, रडलीही नव्हती. “बरं हो, महाराज,” म्हणाली होती. पोटच्या पोराला! डबा पदराखाली धरून धुक्यात चालती झाली होती. त्याला आता ते सहन होईना. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला.

महाराजांनी लॅपटॉप अलगद मिटला.

“शिरीष, ऊठ. आई घाटावर भेटली मला, अजून जेवायची थांबली आहे.”