घाटमाथ्यावर थांबलेला ट्रक

एकदा एका मालवाहतूक कंपनीच्या वृद्ध मालकाकडे एक तरुण कारभार शिकण्यासाठी येऊन राहिला. मालकाचे नाव अप्पासाहेब बिरनाळे. चाळीस वर्षांपूर्वी एका जुन्या ट्रकमधून ते सांगलीची हळद कोकणातल्या बंदरावर नेऊ लागले. ट्रकही स्वतःच चालवीत. आता त्यांच्या साठ गाड्या सह्याद्रीचा घाट चढत-उतरत होत्या. तरुणाचे नाव निरंजन. शिकलेला आणि कामाला वाघ. कोणती गाडी कुठे पोहोचली, हे तो टेबलाशी बसून अचूक सांगे. भरल्या ट्रकमधून घाट मात्र तो कधी उतरला नव्हता.

एके सकाळी हुसेनभाई मुल्ला या जुन्या ड्रायव्हरचा त्याला फोन आला.

"साहेब, घाटमाथ्यावर गाडी उभी केलीय. खाली उतरवायचं धाडस होईना."

"काय बिघडलंय?"

"ते सांगता येत नाही बघा. ब्रेकवर पाय ठेवला की पोटात गोळा येतोय."

गाडीत सोळा टन हळद होती. बंदरावर जहाज थांबले होते आणि व्यापारी दर दहा मिनिटांनी निरंजनला फोन करीत होता. निरंजन मेकॅनिकला घेऊन निघाला. अप्पाही जीपमध्ये येऊन बसले. मेकॅनिकने दोन तास गाडीखाली पडून सारे तपासले आणि हात पुसत सांगितले, "गाडी ठणठणीत आहे."

"ऐकलंत?" निरंजन कडाडला. "तुमच्या पोटातल्या गोळ्यासाठी जहाज थांबत नसतं!"

हुसेनभाईंनी मान खाली घातली. अप्पा म्हणाले, "हुसेन, तू चालव. मी बसतो तुझ्याशेजारी. निरंजन, तूही ये."

उतार सुरू झाला आणि धुक्याने रस्ता गिळला. डाव्या हाताला दरी होती. दिसत नव्हती, पण तिचा गार वारा खिडकीतून अंगावर येत होता. प्रत्येक वळणावर मागचे सोळा टन पाठीवर रेटा देत आहेत, असे निरंजनला वाटे. ब्रेक लागले की त्यातली हवा सुस्कारा टाके, आणि पुढचा सुस्कारा येईपर्यंत त्याचा श्वास अडके. एका वळणावर धुक्यातून अचानक एस.टी. समोर आली. निरंजनने दोन्ही पाय केबिनच्या तळावर गच्च दाबले. तिथे ब्रेक नव्हता.

"अप्पा... थांबू या का?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"हुसेनला विचार. गाडी त्याच्या हातात आहे."

हुसेनभाईंच्या कपाळावर घाम होता. नजर न हलवता ते पुटपुटले, "आता मधे थांबायला जागा नाही, साहेब."

गाडी सुखरूप खाली उतरली. काहीही झाले नाही. पाय जमिनीला लागताच निरंजनची भीती ओसरली आणि तिच्या जागी राग आला. "म्हणजे दोष नव्हताच! अख्खा दिवस फुकट गेला."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आवारात सगळ्या ड्रायव्हरांना बोलावले आणि सर्वांदेखत हुसेनभाईंच्या डोक्याला फेटा बांधला. म्हणाले, "काल यानं गाडी थांबवली, म्हणून हा मान." हुसेनभाई ओशाळले. "अहो अप्पा, गाडीत काहीच नव्हतं."

निरंजनला राहवले नाही. एकांत मिळताच त्याने विचारले, "अप्पा, चुकलेल्या माणसाचा सत्कार?"

अप्पा म्हणाले, "कंपनीच्या तिसऱ्या वर्षी रंगराव नावाचा ड्रायव्हर असाच थांबला होता. तपासलं, काही निघालं नाही. मी त्याला चारचौघांत वाटेल ते बोललो. पंधरा दिवसांनी त्याची गाडी दरीत गेली. जोडीचा ड्रायव्हर वाचला. दवाखान्यात तो मला म्हणाला, 'अप्पा, रंगरावला माथ्यावरच शंका आली होती. थांबू या म्हटलं, तर म्हणाला, परत शिव्या कोण खाणार?' त्या वेळी ब्रेक खरंच गेले होते, निरंजन. नऊ वेळा खोटी ठरणारी भीती दहाव्या वेळी खरी असते. आणि ती दहावी कोणती, हे माथ्यावर कुणालाच कळत नाही. तू त्या नऊ वेळी शिक्षा केलीस, की दहावी तुझ्यापर्यंत पोहोचतच नाही. रंगरावच्या बायकोला मी ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं. माझ्या शिव्यांचं सांगायला मात्र आजवर धजलो नाही."

कालचा तो उतार निरंजनच्या पायांत अजून शिल्लक होता. तो उठला आणि आवारात बाकावर बसलेल्या हुसेनभाईंच्या शेजारी जाऊन बसला. टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजत राहिला.

"हुसेनभाई, काल मी चुकलो," तो म्हणाला. "माथ्यावर तुम्हाला नेमकं काय वाटलं, ते मला नीट सांगा."

हुसेनभाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, आणि मग ते सांगू लागले.

ज्याच्यापाशी भीती बोलून दाखवता येते, त्याच्याच हाती माणसांचे जीव सोपवावेत.