झुमरीचा स्वस्त चाकू

रानात जेव्हा प्राण्यांचा बाजार भरत असे, तेव्हाची गोष्ट. झुमरी खारीने कोल्ह्याकडून एका बोराला घडीचा चाकू घेतला. "इतका स्वस्त!" म्हणत ती उड्या मारतच निघाली.

वाटेत तिचा मित्र गबरू ससा जाळ्यात अडकलेला दिसला. "झुमरे, धाव! शिकारी येतोय!"

"घाबरतोस काय? माझ्याकडे चाकू आहे!" झुमरीने ऐटीत पातं दोरीवर घासलं. दोरीला ओरखडाही उठला नाही. जोर लावला, तर पातं मिटलं आणि मूठ सशाच्या पोटावर घासली. असं पुन्हा पुन्हा झालं.

"अगं, जाळं काप! गुदगुल्या कसल्या करतेस?" रडता रडता गबरू खो खो हसू लागला.

पावलं जवळ आली. झुमरीने चाकू भिरकावला, दातांनी दोरी कुरतडली आणि दोघं झुडपात पळाली.

शिकाऱ्याला रिकामं जाळं दिसलं, शेजारी चाकूही दिसला. "ससा गेला, पण चाकू फुकट मिळाला!" म्हणत त्याने तो उघडला. पातं खटकन मिटलं आणि त्याचं बोट चिमटलं. "आई गं!" तो नाचतच सुटला.

झुडपात गबरू हळूच म्हणाला, "झुमरे, असे चाकू आणखी आण. सगळे यालाच देऊ!"